औषधाची भूक आणि अन्नाचे माप

दाराशी आलेल्या भुकेल्याला विन्मुख पाठवू नये, हा संस्कार पैठणच्या जुन्या घरांत अद्याप जिवंत आहे. श्राद्धासाठी रांधलेले अन्न क्षुधार्त अंत्यजांना आधी वाढून गावाचा रोष पत्करणाऱ्या एकनाथांची कथा ज्यांच्या कानांवर बालपणापासून पडत आली, त्यांना ताटातला शेवटचा घास कुत्र्यासाठी बाजूला काढण्यास कोणी शिकवावे लागत नाही. अशा घरात पाळलेला कुत्रा आजारी पडावा, त्याच्यावर औषध सुरू व्हावे, आणि एरवी दोन वेळच्या अन्नावर संतुष्ट राहणारा तो जीव ताट चाटूनपुसून होताच पुन्हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन कण्हू लागावा, म्हणजे घरातल्या माणसांची जी तगमग होते ती सर्वस्वी स्वाभाविक होय. मात्र या तगमगीतूनच काही समजुती रूढ झाल्या आहेत, आणि त्यांचे परिमार्जन झाले नाही तर प्रेमानेच त्या प्राण्याचा घात होतो.

पहिली समजूत अशी की, कुत्रा मागतो आहे त्याअर्थी त्याचे पोट रिकामे आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. खाज, सूज किंवा शरीराची स्वतःवरच उलटलेली प्रतिकारशक्ती यांवर दिले जाणारे प्रेडनिसोलोन, आणि अपस्माराच्या झटक्यांवर दिले जाणारे फेनोबार्बिटल, ही दोन औषधे भूक वाढवण्याबद्दल प्रसिद्ध आहेत. पहिले 1955च्या सुमारास वैद्यकाच्या हाती आले. दुसऱ्याचा अपस्मारावरील गुण 1912 साली जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान यांनी माणसांत दाखवून दिला आणि एका शतकानंतरही कुत्र्यांच्या फिट्सवर ते प्रमुख औषध म्हणून टिकून आहे. पोट भरल्याची वार्ता मेंदूच्या ज्या केंद्रात पोचून ‘आता पुरे’ असा हुकूम सुटावयाचा, तेथेच या औषधांचा अंमल बसतो. त्यामुळे जठर भरलेले असूनही तृप्तीचा हुकूम सुटत नाही. कुत्रा लबाडी करीत नसतो, त्याला भूक खरोखरच जाणवते. परंतु शरीराला त्या वेळी अधिक अन्नाची गरज मुळीच नसते. ही तफावत एकदा ध्यानात आली की पुढील सर्व तजवीज सुकर होते.

याच ठिकाणी दुसरी, आणि माझ्या मते सर्वांत घातक, समजूत येते: औषधाने एवढी वखवख होत असेल तर गोळी अर्धी करावी, किंवा चार दिवस बंदच ठेवावी. प्रेडनिसोलोन काही काळ घेतलेल्या कुत्र्याच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे संप्रेरक बनवण्याचे काम सोडून देतात. गोळी एकाएकी थांबली तर शरीर निराधार होते, उलट्या, ग्लानी आणि प्रसंगी प्राणावर बेतणारी अवस्था ओढवते. फेनोबार्बिटल एकदम तोडले तर झटके पूर्वीहून तीव्र होऊन, एकामागून एक, मध्ये शुद्ध न येता येऊ शकतात. मात्रा कमी करावयाची ती पशुवैद्याच्या सल्ल्याने आणि पायरीपायरीने. पोटात जंत झाले असतील म्हणून पुन्हा पुन्हा जंताची गोळी देणे हाही याच जातीचा प्रमाद. जंतांचा बंदोबस्त नियमाने करावा हे खरे, परंतु औषधाची भूक त्या गोळीने शमत नाही. भरपूर खाऊनही कुत्रा वाळत चालला असेल, तर मात्र ती निराळ्या विकाराची खूण असते व तिच्यासाठी तपासणीच हवी.

आता भाकरीचा विचार करू, कारण मराठवाड्यात कुत्र्याचे अन्न म्हणजे भाकरी, हे समीकरण पिढ्यानुपिढ्या चालत आले आहे, आणि भूक वाढली म्हणजे एकीच्या दोन व दोहोंच्या तीन करणे हाच इलाज सर्वांना सुचतो. ज्वारीच्या 80 ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत सुमारे 280 किलोकॅलरी उष्मांक असतात. याउलट 200 ग्रॅम लाल भोपळा, म्हणजे डांगर, 150 ग्रॅम दुधी आणि 100 ग्रॅम फरसबी, अशी जवळजवळ अर्धा किलो भाजी घेतली तरी ती शंभराच्या थोडी वरच राहते. 15 किलो वजनाच्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाकाठी साधारण 850 किलोकॅलरी पुरतात; म्हणजे एक जादा भाकरी ही त्याच्या दिवसभराच्या गरजेचा तिसरा हिस्सा झाली, तर भाजीचा तो पातेलेभर ढीग जेमतेम आठवा. पोट भरल्याचे समाधान बहुतांशी आकारमानावर अवलंबून असते आणि चरबी उष्मांकांवर, हे या हिशेबाचे सार आहे.

अशा कुत्र्यासाठी एका दिवसाचा बेत असा करता येतो. वरील भाज्या पाण्यात मऊ शिजवून घोटून घ्याव्यात. कोंबडीचे बिनहाडाचे, कातडे काढलेले, शिजल्यावर 200 ग्रॅम भरेल इतके मांस निराळे उकडावे. त्याचे पाणी थंड करून वर आलेली चरबीची साय काढून टाकावी आणि त्या बिनमिठाच्या पाण्यात एक भाकरी कुस्करून भिजवावी. तिघांचे मिश्रण करून त्यात एक उकडलेले अंडे व एक चहाचा चमचा तेल घातले की साधारण सव्वाआठशे किलोकॅलरींचे, परंतु दोन मोठी पातेली भरतील इतके अन्न तयार होते. रताळे आणि बटाटा यांची गणना येथे भाजीत करू नये. त्यांची जागा भाकरीच्या रकान्यात. भाज्यांचे प्रमाण आठवडाभरात हळूहळू वाढवावे, अन्यथा पोट फुगते व शौचास पातळ होते. दुधी चिरल्यावर कच्च्या फोडीचा कण स्वतःच्या जिभेला लावून पाहण्याचा आपल्या आया-आज्यांचा शिरस्ता येथेही मोडू नये. कडू निघालेला दुधी माणसाप्रमाणेच कुत्र्यालाही विषारी असतो.

कुत्रा हा वृकवंशीय मांसभक्षक, त्याला भाजीभाकरी पचावी कशी, असा आक्षेप हल्ली सुशिक्षित मंडळींकडून ऐकू येतो. माणसाच्या सहवासात हजारो वर्षे काढताना कुत्र्याच्या शरीरात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्याच्या कितीतरी पट झाल्या आहेत, हे स्वीडनमधील संशोधकांनी 2013 साली प्रसिद्ध केले. आपल्या वाडवडिलांच्या भाकरीवर वाढलेली कुत्री काही निसर्गाविरुद्ध जगत नव्हती. तरीपण प्रेडनिसोलोन चालू असताना स्नायू झिजतात, म्हणून प्रथिनांत काटकसर करू नये. ज्या घरांत मांस शिजत नाही तेथे अंडे, घट्ट दही, कमी स्निग्धांशाचे पनीर आणि शिजवून घोटलेली मूगडाळ यांवर भिस्त ठेवता येते. दूध मात्र अनेक प्रौढ कुत्र्यांना सोसत नाही.

वरणाचा प्रश्न निराळा आहे. आपल्या घरातले उरलेले वरण किंवा आमटी सात्त्विक म्हणून निःशंकपणे कुत्र्याच्या ताटात जाते. पण तिला लसणाची फोडणी असते, कांदा परतलेला असतो, आणि कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडून पंडुरोग आणतात. शिजवल्याने हा दोष जात नाही. द्राक्षे व बेदाणे मूत्रपिंडांवर घाला घालतात, तेव्हा प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणाही वर्ज्य समजावा. शिजवलेले हाड टोकदार चिरफळ्यांत फुटते. पैठणच्या नाथसागर जलाशयातली मासळी द्यावयाची तर काटा अन् काटा काढून द्यावी.

आणि तूप. भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा आपल्या भूतदयेचे शिखर आहे, आणि तिचे माहात्म्य मी कणभरही कमी लेखत नाही. सर्वांभूती परमेश्वर पाहणाऱ्या त्या संताच्या हातून कोरडा घासही कुणाच्या मुखी पडवत नव्हता. परंतु फेनोबार्बिटल किंवा झटक्यांवरच दिले जाणारे पोटॅशियम ब्रोमाइड घेणाऱ्या कुत्र्यांत स्वादुपिंडाच्या दाहाचा धोका मुळातच अधिक असतो, आणि स्निग्ध अन्न त्याला आमंत्रण देते. अशा कुत्र्याला तुपाचा एक मोठा चमचा म्हणजे सुमारे 120 किलोकॅलरी आणि वर हा धोका. गोळी पेढ्यात दडवून देण्याची सोयीस्कर युक्तीही त्याच कारणाने सोडावी. उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागात ती तितकीच लपते. ब्रोमाइड चालू असेल तर आणखी एक ताकीद: अन्नातील मिठाचे प्रमाण रोज एकसारखे राहावे, कारण मीठ वाढले की ते औषध लघवीवाटे लवकर निघून जाते आणि झटके परततात.

घरचे अन्न ताजे, त्याअर्थी परिपूर्ण, ही समजूत मनाला फार भावते. परंतु अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी कुत्र्यांसाठी सुचवलेल्या घरगुती अन्नाच्या 200 कृती तपासल्या, तेव्हा त्यांपैकी 95 टक्क्यांत किमान एक आवश्यक घटक अपुरा आढळला. कॅल्शियम, जस्त, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्वे यांची तूट भाकरी, भाजी व मांस यांनी भरून निघत नाही. वर सांगितलेला बेतही याला अपवाद नाही. म्हणून तो कागदावर, वजनांसह, लिहून पशुवैद्याला दाखवावा आणि पूरक चूर्णाची मात्रा त्यांच्याकडून ठरवून घ्यावी. गावातल्या दवाखान्यात हे काम होत नसेल तर परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय मराठवाड्यातच आहे.

पाण्याविषयीही गैरसमज आहे. कुत्रा सारखा पितो आणि घरात लघवी करतो म्हणून रात्री पाण्याचे भांडे उचलून ठेवणारे लोक आहेत. ही तहान त्याच औषधांची आहे. पाणी तोडले तर लघवी थांबत नाही, शरीर मात्र शुष्क होते. भांडे भरलेले ठेवून रात्री झोपण्यापूर्वी आणि पहाटे एकेकदा अधिक बाहेर नेणे हाच उपाय.

दिवसाचे ठरलेले अन्न दोहोंऐवजी चार वेळांत विभागले, आणि खोल भांड्याऐवजी रुंद परातीत पसरून दिले, तर मागणी पुष्कळ निवळते. लातूरकडच्या कारवानसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांना तर हे अगत्याचेच आहे, कारण एका दमात गिळलेल्या मोठ्या जेवणाने त्यांचे जठर फुगून पीळ पडण्याची भीती असते. मधल्या वेळी मागितलेच तर काकडीची चकती किंवा वाफवलेल्या फरसबीच्या चार शेंगा द्याव्यात. सर्वांनी मिळून एकच हिशेब ठेवणे आवश्यक. आजोबांचा बिस्किटाचा तुकडा आणि नातवाच्या पोळीचा काठ हे जमाखर्चात न आलेले उष्मांकच वजन वाढवतात. एकनाथांच्या यात्रेत, म्हणजे फाल्गुन वद्य षष्ठीच्या सुमारास, दिंड्यांनी पैठण भरून जाते आणि पंगतींचे उष्टे रस्तोरस्ती पडते, तेव्हा अशा कुत्र्याला साखळीविना सोडू नये.

वजन पंधरा दिवसांनी पाहावे. घरी काटा नसेल तर मोंढ्यातला आडत्या नाही म्हणत नाही. कारवानच्या फासळ्या निरोगी अवस्थेतही किंचित दिसतात, म्हणून केवळ डोळ्यांवर न विसंबता बरगड्यांवरून तळवा फिरवावा: हलक्या दाबाने त्या हाताला लागल्या तर प्रमाण ठीक, शोधाव्या लागल्या तर भाकरी पाव करावी आणि भोपळा वाढवावा. वजनाची ही नोंद, अन्नाचा कागद आणि झटक्यांच्या तारखा एकाच वहीत ठेवून फेनोबार्बिटलच्या रक्ततपासणीस जाताना सोबत न्याव्यात, कारण रक्तातील औषधाच्या पातळीचा अर्थ लावताना आहारात केव्हा व कोणता बदल झाला, हे पशुवैद्याला कळणे जरूर असते.