परका मासा

अमेरिकेजवळ कॅरिबियन नावाचा समुद्र आहे. तिथे पाण्याखाली पोवळ्याचे खडक आहेत. त्यांच्या कपारीत बारीक मासळी वाढते. मासळीवर कोळ्यांचं पोट चालतं.

या खडकांत एक परका मासा शिरला. त्याला सिंहमासा म्हणतात. अंगावर पट्टे, पाठीवर विषारी काटे. त्याचं मूळ घर आपला हिंदी महासागर आणि पॅसिफिक महासागर. १९८५ साली तो फ्लोरिडाजवळ दिसला. हौसेने पाळलेले मासे कुणी समुद्रात सोडले असावेत. एक मादी वर्षाला सुमारे २० लाख अंडी घालते! हा मासा बारीक मासळी गिळतो. त्याला खाणारे मात्र तिथे फार थोडे.

मग करायचं काय? आधी मोजायचं. पाणबुडे खाली जातात, कपारीत डोकावतात, मासे मोजून पाटीवर आकडा लिहितात. पिकावरची कीड आपण बघतो, तसंच हे. जिथे मासे फार, तिथे ते भाल्याने मारतात. पुढे पुन्हा मोजतात.

बहामा बेटांजवळ असं करून पाहिलं. २०१४ साली त्याचा निष्कर्ष छापून आला. सगळे सिंहमासे मारावे लागत नाहीत. ते ठराविक संख्येच्या आत ठेवले, की बारीक मासळी पुन्हा वाढते.

किती मारायचे, कुठे थांबायचं, हे पाटीवरच्या आकड्यानेच कळलं. लिहून ठेवलेला आकडा असा उपयोगी पडतो, बरं का!