टोल न घेण्याच्या अटीवर

माहीमहून वांद्र्याकडे निघालेली बस खाडीवर आली की डावीकडच्या खिडक्यांतून सी लिंक दिसू लागतो. मुंबईत नवा आलेला प्रवासी हमखास मोबाइल काढतो. बसच्या चाकांखालच्या रस्त्याचा फोटो मात्र कोणी काढत नाही. उजवीकडे खारफुटी, डावीकडे उपसागर आणि मधे गाड्यांची रांग, एवढंच तिथे दिसतं.

हा रस्ता १८४५ साली खुला झाला. त्याआधी माहीम बेट आणि साष्टीतलं वांद्रे यांच्यामध्ये होडीशिवाय वाट नव्हती. पावसाळ्यात होड्या उलटायच्या, माणसं बुडायची. खर्चाचं नाव काढताच कंपनी सरकारने हात आखडता घेतला, तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई पुढे आल्या. त्यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले आणि देताना एक अट घातली : या रस्त्यावरून जाणाऱ्या कोणाकडूनही सरकारने टोल घ्यायचा नाही. आपण ज्याला एल. जे. रोड म्हणतो, तो याच लेडी जमशेटजींच्या नावाचा.

मुंबईतल्या रस्त्यांची कागदपत्रं, न्यायालयाचे निकाल आणि जुने आराखडे वाचताना ही अट माझ्या डोक्यातून जात नव्हती. आवाबाईंना ठाऊक होतं की खाडी ओलांडणाऱ्यांत व्यापारी असतील, तसे डोक्यावर पाटी घेतलेलेही असतील. रस्ता बांधण्याआधीच त्यांनी तो कोणासाठी हे ठरवून टाकलं होतं. त्यानंतर पावणेदोनशे वर्षांत या शहराने शेकडो रस्ते आणि पूल बांधले. तो प्रश्न इतक्या स्पष्टपणे क्वचितच विचारला गेला.

मुंबईचा आकारच मुळात अडचणीचा. दक्षिणोत्तर लांबट, रुंदीला चिंचोळी, आणि त्या चिंचोळ्या अंगावरून रेल्वेचे रूळ उभे गेलेले. सकाळी सगळं शहर दक्षिणेकडे, संध्याकाळी उत्तरेकडे. १८९६च्या प्लेगनंतर दोन वर्षांत स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या फोडून प्रिन्सेस स्ट्रीट आणि आजचा मोहम्मद अली रोड काढला, दादर-माटुंग्याची आखणी केली. तेव्हाची भाषा हवा आणि उजेडाची होती. मोटारीची भाषा आली १९६०च्या दशकात. विल्बर स्मिथ या अमेरिकी सल्लागार संस्थेने मुंबईसाठी पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याने जाणारे जलदमार्ग सुचवले. आजचा सी लिंक आणि ईस्टर्न फ्रीवे यांचं मूळ त्याच आराखड्यात आहे.

१९६५ साली केम्प्स कॉर्नरला शहरातला पहिला उड्डाणपूल उभा राहिला. त्याचे अभियंते होते शिरीष पटेल. त्याच वर्षी पटेल, चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता या तिघांनी 'मार्ग' नियतकालिकात खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली. तिच्यातूनच पुढे नवी मुंबई झाली. पहिला उड्डाणपूल बांधणाऱ्या माणसाला तेव्हाच दिसत होतं की नुसत्या पुलांनी हे शहर सुटणार नाही, कामाच्या जागाच दक्षिण टोकावरून हलवायला हव्यात. पुढे कोस्टल रोडवरही त्यांनी सातत्याने टीका केली. २०२४च्या डिसेंबरमध्ये ते गेले. त्यांचं ऐकलं गेलं असतं तर, हा विचार मला फार त्रास देतो.

१९९५ साली आलेल्या युती सरकारने ५५ उड्डाणपुलांची योजना आणली. नितीन गडकरी सार्वजनिक बांधकाम मंत्री होते. १९९६ साली रस्ते विकास महामंडळ स्थापन झालं. पुलांचा खर्च भरून काढायला शहराच्या पाच वेशींवर टोलनाके बसले : दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली, वाशी. वीस वर्षांहून अधिक काळ ठाण्या-नवी मुंबईच्या माणसाने मुंबईत शिरताना पैसे मोजले. १४ ऑक्टोबर २०२४च्या मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांना तिथे टोलमाफी मिळाली. त्याच वर्षी जानेवारीत खुल्या झालेल्या अटल सेतूवर मात्र मोटारीला एका खेपेचे २५० रुपये मोजावे लागत होते. हा पूल जवळपास २२ किलोमीटरचा, त्यातले साडेसोळा समुद्रावर. बांधकाम म्हणून तो थक्क करणारा आहे, हे मी मनापासून म्हणतो.

पण पैशापेक्षा मला खुपते ती मनाई. जे. जे. उड्डाणपुलावर दुचाकीला बंदी, ३० जून २००९ला खुल्या झालेल्या सी लिंकवर बंदी, अटल सेतूवर बंदी, कोस्टल रोडवरही बंदी. रिक्षा तर नाहीच. वारा, वेग, अपघात ही कारणं खोटी नाहीत. जे. जे. पुलावर दुचाकीस्वारांचे जीव गेले, त्यानंतरच तिथे बंदी आली. पण मुंबईत नोंदलेल्या वाहनांत निम्म्याहून अधिक दुचाकी आहेत. शहराचे सर्वांत मोठे, सर्वांत महाग रस्ते आखताना निम्म्या वाहनांचा विचार नकाशाबाहेर राहिला, असाच याचा अर्थ होतो. कोस्टल रोड मरीन ड्राइव्हपासून वरळीपर्यंत साडेदहा किलोमीटरचा. मलबार हिलखाली 'मावळा' नावाच्या यंत्राने खोदलेले दोन किलोमीटरचे जुळे बोगदे, समुद्रात १११ हेक्टर भराव, आणि खर्च १४ हजार कोटींच्या घरात.

या रस्त्याच्या कहाणीतली माझ्या मनात घर करून राहिलेली गोष्ट वरळी कोळीवाड्याची आहे. क्लीव्हलँड बंदरातून निघालेल्या होड्यांना खोल समुद्रात जायची वाट नेमकी कोस्टल रोड आणि सी लिंक जोडणाऱ्या पुलाखालून. आराखड्यात दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर होतं. कोळी म्हणत होते, एवढ्याने भागणार नाही. भरतीच्या ओढीत, वारा आडवा लागला की होडी सरळ रेषेत चालत नाही. ती तिरकी सरकते, आणि खांबावर आपटली की संपली. त्यांची मागणी १६० ते २०० मीटरची होती. होड्या घेऊन त्यांनी समुद्रातच काम अडवलं. अखेर २०२२च्या डिसेंबरमध्ये एक खांब गाळून अंतर १२० मीटर करायचं ठरलं आणि तिथे कमानीचा पूल आला. पाण्याचं ज्ञान ज्यांच्याकडे पिढ्यांचं होतं, त्यांना आधी विचारलं असतं तर तो खांब कागदावरही उमटला नसता.

किनाऱ्याचे रस्ते असे उभे धावतात. मुंबईचा जीव गुदमरतो तो बहुतेक वेळा आडव्या रस्त्यांवर. पूर्वेकडून पश्चिमेला जायचं तर रूळ ओलांडावे लागतात, आणि रुळांवरचे पूल मोजके. त्यातला एक बंद पडला की काय होतं, हे अंधेरीकरांना विचारा. ३ जुलै २०१८ला गोखले पुलाचा पादचारी भाग कोसळला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल पूर्ण बंद झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाची एक बाजू उघडली, तेव्हा दिसलं की रेल्वेच्या नियमानुसार तो उंच झालाय आणि त्याला येऊन मिळणारा बर्फीवाला उड्डाणपूल खालीच राहिलाय. दोन पुलांच्या टोकांमध्ये माणसाच्या उंचीएवढं अंतर! जॅक लावून बर्फीवाला पूल उचलावा लागला. गोखले पूल पूर्णपणे खुला व्हायला २०२५चा मे उजाडला. एका पुलासाठी अंधेरीच्या दोन बाजूंमधली ये-जा अडीच वर्षं विस्कळीत होती.

आणि खड्डे. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. डांबराचं पाण्याशी वैर आहे. भेगेतून पाणी आत गेलं की खडीवरची डांबराची पकड सुटते, वरून बस गेली की खडी उखडते, आणि सकाळी भेग होती तिथे संध्याकाळी खड्डा असतो. शिवाय पाणी, गटार, वीज, गॅस, केबल यांच्यासाठी चर खणणं बारमाही. बुजवलेला चर नीट ठासला नाही की पहिल्या पावसात खचतो. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मुख्य न्यायमूर्तींना खड्ड्यांबद्दल पत्र लिहिलं आणि न्यायालयाने स्वतःहून याचिका दाखल करून घेतली. चांगला रस्ता मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने पुढे सांगितलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये, खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश झाला.

यावर महापालिकेचं उत्तर आहे काँक्रीट. पालिकेच्या ताब्यात सुमारे २,०५० किलोमीटर रस्ते आहेत. २०२३ साली जवळपास ४०० किलोमीटरच्या काँक्रिटीकरणाला सुमारे सहा हजार कोटींची कंत्राटं दिली गेली. कारण योग्यच आहे, नीट केलेला काँक्रीटचा रस्ता दशकानुदशकं टिकतो. सगळं 'नीट' या शब्दावर येऊन ठरतं.

आमच्या गल्लीत काम चालू असताना एका रात्री मी ते जवळून पाहिलं. मिक्सर आला. एका तरुण इंजिनीअरने फूटभर उंचीचा लोखंडी शंकू पत्र्यावर ठेवला, त्यात थराथराने माल भरून सळईने ठासला आणि शंकू अलगद वर उचलला. ओलं काँक्रीट किती बसतं ते त्याने पट्टीने मोजलं. याला स्लम्प टेस्ट म्हणतात. माल जास्त बसला तर त्यात पाणी जास्त आहे. पाणी घातलं की पसरायला सोपं जातं, मजुरांचे हात वाचतात, पण रस्त्याची ताकद जाते. त्याने पहिला मिक्सर परत पाठवला. कंत्राटदाराचा माणूस चिडला, फोनाफोनी झाली, आणि तो पोरगा पट्टी हातात घेऊन तसाच उभा राहिला. त्याला हजारो कोटींच्या सेतूइतकाच मान मिळायला हवा, असं मला त्या रात्री वाटलं.

त्याच गल्लीची दुसरी बाजूही सांगायला हवी. अडीच महिने रस्ता उखडलेला होता. पायी जायला खणलेल्या चरावर टाकलेल्या दोन फळ्या. आमच्या शेजारच्या आजी आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. रिक्षा आत येऊ शकत नव्हती. दोन मुलं त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून नाक्यापर्यंत उचलून नेत आणि संध्याकाळी तशीच परत आणत. एकदा फळी सरकली. आजी पडल्या नाहीत, पण खुर्चीचा हात त्यांनी इतका घट्ट धरला होता की घरी आल्यावरही बोटं उलगडेनात. जाण्यायेण्यासाठी तीन फुटांची धड वाट ठेवणं हे कंत्राटात कोणाचं काम आहे, हे दाराशी आलेल्या कोणालाच सांगता आलं नाही.

२००८च्या मुंबई महानगराच्या वाहतूक अभ्यासात दिसलं होतं की इथल्या निम्म्याहून अधिक फेऱ्या लोक पायीच करतात. उरलेल्यांत सर्वांत मोठा वाटा लोकल आणि बसचा. असं असूनही एकेकाळी चार हजारांवर असलेल्या बेस्टच्या बस आज तीन हजारांच्या खाली आल्या आहेत. मे २०२५ मध्ये किमान भाडं पाचावरून दहा रुपये झालं. तीन बस भरतील इतकी माणसं एका बसच्या थांब्यावर उभी असतात. त्यातली काही कंटाळून कर्जावर स्कूटर घेतात, आणि कोंडीत एका वाहनाची भर पडते. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी 'मेट्रो ३' कफ परेडपर्यंत पोहोचली, ही खरोखर आनंदाची गोष्ट. पण स्टेशनच्या जिन्यावरून वर आल्यावर घरापर्यंत फुटपाथ आणि बस लागतेच. कोस्टल रोडच्या खर्चाचा छोटा हिस्सा जरी त्यावर गेला असता, तरी या शहराची संध्याकाळ वेगळी असती असं मी ठामपणे मानतो.

हा लेख लिहिताना एकदा पहाटे साडेपाचला मी माहीमच्या त्या जुन्या रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. सी लिंकचे दिवे अजून चालू होते, वर तुरळक मोटारी सरकत होत्या. माझ्या समोरून पहिली बस गेली. मागोमाग दुधाचा टेम्पो, कोळणींनी भरलेली टॅक्सी, दोन स्कूटर. मग सायकलच्या मागे इडलीचं मोठं पातेलं बांधलेला एक माणूस आला. वारा समोरून होता, म्हणून तो उतरून सायकल ढकलत होता, एका हाताने चटणीची किटली सावरत. वांद्र्याच्या बाजूला पोचल्यावर त्याने टांग मारली आणि भोंगा वाजवत तो आत वळला.