आधी मान, मग हात
उपनगरातल्या सायकलवाल्यांकडून हंगामासाठी घ्यायचा धडा

गळिताचा हंगाम सुरू झाला की आपल्या कार्यक्षेत्रातल्या रस्त्यांचे रूपच पालटते. एरवी मोकळ्या असलेल्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, ट्रक आणि बैलगाड्या यांची रीघ लागते. त्याच रस्त्याने आपली मुले सायकलीवर शाळेला जातात, कामगार पाळीवर येतात, एखादा सभासद ऊसतोडीची चौकशी करायला गट ऑफिस गाठतो. वळताना मागे बघावे आणि हात दाखवावा, एवढी साधी गोष्ट. पण ती कुणी कुणाला शिकवत नाही. मोटारसायकलीला लायसन्स लागते, त्याची परीक्षा होते. सायकलीला लायसन्स नाही आणि परीक्षाही नाही. पूर्वी पोलीस सायकलवाल्याला अडवायचे, ते बत्ती नाही म्हणून, नाहीतर डबलसीट म्हणून. वळताना मागे का बघितलं नाहीस, असे कुणी विचारल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

हा धडा ज्यांनी पोटासाठी रोज गिरवला, ती माणसे मात्र आपल्याच मुलखातली आहेत.

डब्याच्या लाईनवरची माणसे

मुंबईत डबे पोचवण्याचा धंदा महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास सुरू केला. तेव्हापासून जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या पट्ट्यातले लोक त्या कामावर जात आले. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या भागांत घरोघरचे डबे गोळा करून लोकल गाडीच्या वेळेला स्टेशनवर आणायचे, हे काम सायकलीवर चाले. हँडलला दोन्ही बाजूंनी डबे, मागे कॅरियरवर डबे, आणि चुकवून चालत नाही अशी गाडीची वेळ. २०२० च्या टाळेबंदीत हे काम बंद पडले. बरेचजण गावी परतले, पुढे काहींनी मोटारसायकल घेतली. तरी सायकल अजून सुटलेली नाही.

उपनगरातले रस्ते कसे, तेही समजून घेऊ. पश्चिमेला अंधेरीहून बोरिवलीकडे जाणारा स्वामी विवेकानंद रस्ता, पूर्वेला घाटकोपरहून मुलुंडकडे जाणारा लालबहादूर शास्त्री मार्ग, मधे अंधेरी-कुर्ला रस्ता. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो जून २०१४ मध्ये सुरू झाली. पण तिचे काम चालू होते तोवर खालचा रस्ता पत्र्यांनी अरुंद झाला होता. पुढे शास्त्री मार्गावरही मेट्रोच्या कामाने तेच झाले. सायकलवाला डाव्या कडेने निघतो. पुढे रिक्षा उभी, तिच्यापुढे थांब्याला लागलेली बेस्टची बस, त्याच्यापुढे एखाद्या मोटारीचे दार अचानक उघडते. दर थोड्या अंतरावर त्याला उजवीकडे सरकावेच लागते.

खरा धोका इथेच आहे. चौकात वळायचे असले की माणूस सावध असतो. पण उभ्या गाडीला वळसा घालताना आपण वळतोय हेच त्याच्या ध्यानात येत नाही. आपल्याकडे रिक्षाच्या जागी पंक्चर झालेली ट्रॉली असते, बैल सोडून ठेवलेली गाडी असते, खड्डा असतो, नाहीतर वाटेत सांडलेला ऊस. पोरगं खड्डा चुकवायला हातभर उजवीकडे येतं, आणि मागचा ट्रक तेवढ्यातच तिथे पोचलेला असतो.

हिशेब चार सेकंदांचा

ताशी ५० किलोमीटरने येणारा ट्रक एका सेकंदाला सुमारे १४ मीटर येतो. ताशी १५ किलोमीटरने चाललेली सायकल तेवढ्यात ४ मीटर जाते. म्हणजे दर सेकंदाला ट्रक १० मीटर जवळ येतो. मागे ४० मीटरवर असलेला ट्रक चार सेकंदांत पाठीशी! त्यातला एक सेकंद ड्रायव्हरला समजून ब्रेकवर पाय ठेवायलाच जातो. देशात २०२२ साली रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली, आणि अपघातांच्या प्रकारांत मागून बसणाऱ्या धडकेचा वाटा सर्वांत मोठा होता. या चार सेकंदांत मागे न बघता नुसता हात दाखवून काय होणार? हात दाखवणे म्हणजे सांगणे. समोरच्याने ऐकलं की नाही, हे बघितल्याशिवाय कळत नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा :

१. वळण किंवा अडथळा येण्याच्या बराच आधी उजव्या खांद्यावरून मागे बघा.

२. मागे जागा असेल तर हात दाखवा. उजवीकडे जायचे तर उजवा हात खांद्याच्या रेषेत सरळ, तळवा पुढे. डावीकडे जायचे तर डावा हात तसाच. वेग कमी करायचा तर उजवा हात बाहेर काढून तळवा खाली, आणि हात वरखाली हलवा.

३. पुन्हा एकदा मागे बघा. मागचा वेग कमी करतोय का?

४. हात हँडलवर आणा, मग वळा.

मागे जागा नसेल तर ब्रेक लावून अडथळ्याच्या अलीकडेच थांबा. गाडी जाऊ द्या.

सायकल झोकांडी खाते त्याचे काय?

नवख्याने मान वळवली की हँडलही त्याच बाजूला वळते, आणि सायकल नको तिथेच उजवीकडे जाते. ही सवय मोडायला सराव लागतो. रस्त्यावर नव्हे, खळ्यावर किंवा शाळेच्या मैदानावर. फक्कीने सरळ रेघ ओढा. मुलाला रेघेवरून सायकल चालवू द्या. तुम्ही मागे उभे राहून हाताची बोटे वर करा आणि विचारा, “बोटं किती?” मुलाने मागे बघून आकडा सांगायचा, पण चाक रेघेवरून हलू द्यायचे नाही. खांदे सैल, हँडलवरची पकड हलकी, हनुवटी खांद्याकडे. आधी दोन्ही हात हँडलवर ठेवून, मग उजवा हात मांडीवर ठेवून, शेवटी हात लांब करून. पाच-सहा वेळा अर्धा-अर्धा तास दिला तर पोर तयार होते.

ओझे असेल तर वेगळे. दुधाचे कॅन किंवा वैरणीचा भारा लावलेली सायकल एका हातावर तोलत नाही. तिथे हाताच्या भानगडीत न पडता कडेला उतरावे, दोन्ही बाजूंना बघावे आणि सायकल ढकलत रस्ता ओलांडावा. यात कमीपणा कसला?

ट्रॅक्टरवाल्यांसाठी दोन शब्द

सगळी जबाबदारी सायकलवाल्यावर टाकून चालणार नाही. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्यांच्या मागचे ड्रायव्हरला काही दिसत नाही. त्यात टेप मोठ्याने लावला की घंटीही ऐकू येत नाही. वळणावर मागची ट्रॉली पुढच्यापेक्षा आत घुसते, म्हणून मुलांनी वळणावर ट्रॉलीच्या आतल्या बाजूला कधीही राहू नये, हे त्यांना स्वतः उभे करून दाखवा. मुलांना एक खूण सांगून ठेवा : तुला ड्रायव्हरचा चेहरा त्याच्या आरशात दिसत नसेल, तर त्यालाही तू दिसत नाहीस.

वाहतूक ठेकेदारांनी ट्रॉल्यांच्या मागे रिफ्लेक्टर आहेत का, ते चिखलाने झाकले तर नाहीत ना, हे प्रत्येक खेपेआधी बघावे. रस्त्यात बंद पडलेली ट्रॉली अंधारात तशीच सोडू नये. चिटबॉय मंडळी रोज फडावर असतात, त्यांनीही तोडणी-वाहतुकीच्या टोळ्यांना हे सांगत राहावे.

पालक सभासदांना आमची विनंती एवढीच की, मोळी टाकण्याचा समारंभ होण्याआधीच्या एखाद्या रविवारी फक्कीची पिशवी आणि मुलाची सायकल घेऊन मैदानावर जावे. मुलींनाही बरोबर घ्यावे, शाळेचा रस्ता त्यांचाही तोच आहे.