गाडीचे चार्जिंग, वीज कंपनी आणि आपली डीपी



विजेवर चालणाऱ्या स्कूटर आणि रिक्षा आता खेड्यापाड्यांतही दिसू लागल्या आहेत. एस.टी.ने १ जून २०२२ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर ‘शिवाई’ ही विजेवरची बस सुरू केली. १९४८ साली याच तारखेला, याच मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली होती. या गाड्यांना लागणारी वीज पुरवताना वीज कंपनीचे नेमके काम काय, हे आपणही समजून घेतले पाहिजे. कारण शहरातल्या तारेवर जे घडते, तेच आपल्या वावरातल्या डीपीवर घडते.

आधी भार समजून घेऊ

५ अश्वशक्तीची आपली मोटार सुमारे पावणेचार किलोवॅट भार घेते. विजेच्या स्कूटरच्या बॅटरीत साधारण ३ युनिट वीज मावते. घरच्या प्लगवर ती चार-पाच तासांत भरते. म्हणजे भार एक अश्वशक्तीच्या मोटारीएवढाच. मोटारगाडी घरी लावली तर ३.३ किलोवॅट घेते, म्हणजे आपल्या मोटारीपेक्षा थोडे कमीच. पण बसच्या आगारातले एक मोठे चार्जर २४० किलोवॅटचे असले, तर ५ अश्वशक्तीच्या ६४ मोटारी एकदम चालू केल्यासारखे झाले!

खरी अडचण वेळेची

आपल्याकडे लाईन आली रे आली की सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात. मग दाब पडतो, मोटारी हुंकारतात, फ्यूज उडतो आणि शेवटी डीपी जळते. दिवसभराची वीज मोजली तर ती कदाचित पुरली असती. पण सगळ्यांनी एकाच वेळी मागितली, तिथे घोटाळा झाला. शहरातही तसेच. माणसे संध्याकाळी सात वाजता घरी येतात, दिवे, पंखे, टी.व्ही. लावतात आणि त्याच वेळी गाडीही चार्जिंगला लावतात. सूर्य मावळल्याने सौर वीज तेव्हा बंद झालेली असते.

समजा, एका आगारात ५० बसेस आहेत आणि रात्री प्रत्येकीला २०० युनिट वीज लागते. एकूण १०,००० युनिट झाले. सगळ्या बसेस एका तासात भरायच्या म्हटले, तर १०,००० किलोवॅटचा भार येईल. त्याच बसेस आठ तासांत पाळीपाळीने भरल्या, तर १,२५० किलोवॅटमध्ये भागते. वीज तेवढीच, पण रोहित्र आणि केबल यांचा खर्च कितीतरी कमी. इसापूरच्या कालव्याला पाणीपाळी कशासाठी लावतात, हे ज्याला कळते त्याला हे वेगळे सांगायला नको.

मुंबईचे उदाहरण

मुंबईत कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत वीज पुरवणारी बेस्ट ही संस्था शहरभर बसही चालवते. तिच्या आधीच्या कंपनीने ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम सुरू केली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी कंपनी महापालिकेकडे आली. ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम धावली. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये बेस्टने विजेच्या ४ बसेस रस्त्यावर आणल्या आणि नंतर त्या वाढत गेल्या. वीज देणारा आणि बस चालवणारा एकाच छताखाली असला, म्हणजे कोणत्या आगाराला किती भार लागेल आणि कोणत्या वेळी, हे आधी ठरवता येते. जिथे दोन संस्था वेगळ्या आहेत, तिथे त्यांनी आधी एकत्र बसले पाहिजे. बसेस येऊन उभ्या राहिल्या आणि केबल नाही, असे होऊ नये.

वीज कंपनीने काय करावे?

पहिले, जोडणी वेळेत द्यावी. केंद्राच्या २०२४ च्या नियमांनुसार नवी जोडणी महानगरात ३ दिवसांत, इतर नगरपालिका क्षेत्रात ७ दिवसांत आणि ग्रामीण भागात १५ दिवसांत द्यायची आहे. डोंगराळ ग्रामीण भागाला ३० दिवस आहेत. गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागण्याचा हक्कही ग्राहकाला मिळाला आहे.

दुसरे, कोणत्या डीपीवर किती गाड्या वाढत आहेत याची नोंद ठेवून डीपी जळण्याआधीच तिची क्षमता वाढवावी.

तिसरे, भाव वेळेप्रमाणे ठेवावा. २०२३ च्या केंद्रीय नियमांत सौर विजेच्या तासांत दर १० ते २० टक्के कमी आणि जादा मागणीच्या वेळी चढा ठेवण्याचे तत्त्व आहे. शेतीपंप यातून वगळले आहेत. भाव कमी असेल तेव्हा माणूस आपोआप गाडी लावतो. वेगळा हुकूम काढावा लागत नाही.

आपला संबंध काय?

कोणी म्हणेल, शहरातल्या गाड्यांशी ऊसवाल्याचे काय देणेघेणे? देणेघेणे आहे. संध्याकाळची मागणी वाढली की महागडी वीज घ्यावी लागते, नव्या तारा टाकाव्या लागतात आणि तो खर्च शेवटी सगळ्याच ग्राहकांच्या दरात येतो. हाच भार दुपारी किंवा मध्यरात्रीनंतर गेला, तर आहे त्याच तारांवरून जास्त वीज विकली जाते. शिवाय राज्यातले अनेक साखर कारखाने गळीत हंगामात बगॅसवर वीज तयार करून ती ग्रिडला देतात. चिपाडाची ही वीज रात्रीही मिळते. उसाच्या चिपाडावर शहराची बस धावली, तर नवल नाही.

घरी स्कूटर असेल तर

स्कूटर घरच्या मीटरवर लावण्यास हरकत नाही; पण अर्थिंग पक्के आणि प्लग १५ अँपिअरचा असावा. विहिरीवरच्या शेतीपंपाच्या जोडणीवरून गाडी चार्ज करू नका. वीज कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे तो अनधिकृत वापर ठरून दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. आकडा टाकून तर मुळीच नको. ज्या खोलीत कापूस भरलेला आहे किंवा कडबा रचला आहे, तिथे बॅटरी लावू नका. एका ठिणगीत वर्षाचे पीक जाईल.

आणि वस्तीवर चार-पाच गाड्या झाल्या, की वायरमनला वेळीच सांगा आणि आपसात पाळी ठरवा. डीपी जळाली तर ऊसही वाळतो आणि गाडीही उभी राहते.