बाणाला पिसे लावण्याचा साचा कोणता घ्यावा?



पनवेल तालुक्यातील आपल्या वाडीवरची मुले ‘इंडियन राउंड’चा सराव करतात: बांबूचे धनुष्य, अंतर 30 आणि 50 मीटर. हाताने चिकटवलेली पिसे वाकडी बसत, बाण भरकटे आणि मुले स्वतःलाच दोष देत. म्हणून साचा हवा.

तिन्ही पिसे एकदम बसवणारा साचा मी आधी आणला. पण घरी तासलेल्या काड्या कमीजास्त जाडीच्या. त्यात घट्ट बसेनात. चूक माझीच. एक चिमटा असलेला, काडी 120 अंशांनी फिरवणारा साचा घ्यावा. काम सावकाश होते, पण नेमके. एका बाणाला एकाच बाजूच्या पंखाची पिसे लावावीत. डाव्या-उजव्या पिसांचा बाक उलटा असतो.

असे दोन साचे पुरतील. आपल्या देणगीतून तेवढेच घेऊ.