कळव्याच्या खाडीत वितळलेला बर्फ

ठाणे सोडून धीमी लोकल कळव्याकडे निघाली की रूळ खाडी ओलांडतात. पुढे मुंब्र्यापर्यंत डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला पारसिकचा डोंगर आणि मधून जाणारी चिंचोळी वाट. डोंबिवली-कल्याणची लाखो माणसे रोज इथून जातात, बहुतेक जण उभ्याने, दुसऱ्याच्या खांद्यावरून बाहेर बघत. कधी खिडकी मिळाली तर दोन्हीकडे नीट पाहा. एका बाजूचा डोंगर लाव्हाने रचला आहे. दुसऱ्या बाजूच्या पाण्याची गोष्ट मात्र हजारो किलोमीटर दूर, उत्तर अमेरिकेच्या माळरानावर सुरू होते.

आधी डोंगर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या आणि लाव्हा थरावर थर पसरत गेला. त्यातून झालेला काळा कातळ आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. माथेरानच्या कड्यात हे थर चपात्यांच्या चवडीसारखे आडवे दिसतात. पारसिकला मात्र ते पश्चिमेकडे कललेले आहेत. पनवेलपासून मुंब्रा-कल्याणच्या बाजूने उत्तरेकडे जाणाऱ्या या पट्ट्यात अख्खा कातळ समुद्राच्या दिशेने वाकला आहे. भूशास्त्रज्ञ याला ‘पनवेल फ्लेक्झर’ म्हणतात. भिवंडी तालुक्यातल्या वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची गरम कुंडे म्हणजे याच भेगाळलेल्या भागात खोल जाऊन तापून वर आलेले पाणी. अंबरनाथचे १०६० सालचे शिवमंदिर याच काळ्या पाषाणात बांधले गेले, आणि १९१६ साली पारसिकचा बोगदा काढला तोही याच कातळातून.

खाडी मात्र या मानाने अगदी कालची.

वीस हजार वर्षांपूर्वी कॅनडाचा जवळजवळ सगळा प्रदेश बर्फाखाली होता. सस्कॅचेवान, मॅनिटोबा, अल्बर्टा या प्रांतांत आज क्षितिजापर्यंत गव्हाची शेते आहेत. तिथे स्थायिक झालेली आपली मुले या शेतांचे फोटो पाठवतात. त्या शेतांच्या जागी तेव्हा हिमस्तर होता आणि त्याची जाडी काही ठिकाणी तीन किलोमीटरपर्यंत होती. सरकताना त्याने जमीन तासली, दगडगोटे दूरवर वाहून नेले. अल्बर्टात ओकोटोक्स गावाजवळ सपाट माळावर सुमारे साडेसोळा हजार टनांचा एक खडक एकटाच पडलेला आहे. दूरच्या रॉकी पर्वतातून तो बर्फावर बसून आला. बर्फ मागे हटला तेव्हा हजारो लहान तळी राहिली आणि अ‍ॅगासिझ नावाचे एक अवाढव्य सरोवर तयार झाले. पुढे तेही फुटून समुद्राला मिळाले.

इतके पाणी जमिनीवर गोठून बसल्यामुळे जगभरचा समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. आपल्या किनाऱ्यासाठी याचा अर्थ फार मोठा आहे. १९७४ मध्ये ‘बॉम्बे हाय’ला तेल सापडले, त्या ठिकाणी आज पाणी सुमारे ७५ मीटर खोल आहे. म्हणजे किनाऱ्यापासून दीडशेहून अधिक किलोमीटर आत असलेली ती जागा तेव्हा कोरडी जमीन होती. मुंबई बेट नव्हती, साष्टीही बेट नव्हती. उल्हास नदी वसईला थांबत नव्हती. त्या मैदानातून कितीतरी पुढे वाहत जाऊन समुद्राला मिळत होती. ठाण्याची खाडीही तेव्हा नुसती दरी होती.

मग बर्फ वितळला. जगातल्या सगळ्याच हिमस्तरांचे पाणी समुद्रात आले, पण सर्वांत मोठा वाटा उत्तर अमेरिकेचा. सहा-सात हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्या पातळीजवळ पोहोचला आणि नद्यांच्या दऱ्यांत शिरला. ठाण्याची खाडी, वसईची खाडी, कल्याणपर्यंत भरती पोहोचणारी उल्हास, या सगळ्या बुडालेल्या दऱ्या आहेत. १८७०च्या दशकात मुंबईत प्रिन्सेस डॉक खणताना गाळाखाली खैराचे अख्खे जंगल सापडले. साडेतीनशेहून अधिक झाडे होती, त्यांतली बरीच मुळांसकट उभी. तेव्हाच्या अभ्यासकांनी जमीन खचल्याचे अनुमान काढले. समुद्राचे चढणे आणि जमिनीची हालचाल या दोन्हींचा त्यात हात असू शकतो. एक मात्र नक्की: जिथे आज बोटी लागतात तिथे कधीकाळी खैर वाढत होते.

महाराष्ट्राच्या जमिनीवर खुद्द हिमनदीची खूण पाहायची असेल तर चंद्रपूर गाठावे लागते. तिथे ईरईजवळ चुनखडकावर बर्फाने घासलेले ओरखडे आहेत. ते सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचे, भारत दक्षिण ध्रुवाकडे होता तेव्हाचे. ठाण्याने कॅनडाचा तो बर्फ पाहिला नाही, त्याचे पाणी मात्र पाहिले.

त्या पाण्यावरच आपली शहरे उभी राहिली. दरी बुडाली नसती तर समुद्रातली गलबते इतक्या आत आली नसती. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याण बंदर म्हणून येते, कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आहेत, आणि १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी आरमाराची सुरुवात केली ती दुर्गाडी किल्ल्याखालच्या याच खाडीत. कल्याणच्या इतिहासाची पहिली ओळ मला म्हणूनच त्या दूरच्या बर्फात दिसते.

बुडालेल्या दरीत नद्यांनी हजारो वर्षे गाळ आणून टाकला. त्यावर खारफुटी वाढली आणि रोहित पक्षी चरायला येऊ लागले. २०२२ मध्ये ठाणे खाडी पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण खाजणांत पडणारा भराव पाहून जीव तुटतो. मुसळधार पावसात भरती असली की उल्हासचे पाणी उतरत नाही, ते काठाबाहेर पसरते. बदलापूर-कल्याणने हे २६ जुलै २००५ ला अनुभवले. पसरायची जागाच भरून टाकली तर हे पाणी घरांत शिरणार.

खाडी पाहायची तर ओहोटीची वेळ गाठा. कळव्याच्या पुलावरून पाणी ओसरलेले दिसते, मधोमध एक अरुंद प्रवाह उरतो आणि दोन्ही काठांना राखाडी चिखल चमकत असतो. जुन्या दरीचा तळ त्या चिखलाच्याही खाली आहे.