बोअरसाठी पैसे पाठवण्याआधी



एप्रिल उजाडला की न्यू जर्सीतल्या आमच्या घरी एक फोन ठरलेला. लातूर जिल्ह्यातल्या गावाहून अण्णा बोलत असतात. "बोअर आटला रे. पाचशे फुटांवर होता. शेजारच्यांना सातशेला दोन इंची पाणी लागलंय. गाडीवाला उद्या मोकळा आहे. जमेल का काही?"

आणि आम्ही पैसे पाठवतो. लांब राहणाऱ्या मुलांच्या हातात दुसरे असते तरी काय? असे तीन बोअर झाले. तिन्ही आज कोरडे आहेत. चौथ्या फोननंतर मात्र आम्ही दोघांनी ठरवले, की आधी हा प्रकार समजून घ्यायचा. दोघेही इंजिनिअर, पण संगणकाचे! त्यामुळे शाळेतल्या भूगोलापासून सुरुवात करावी लागली. मंडळातल्या इतर घरांतही हा फोन येत असेल, म्हणून हा लेखप्रपंच.

खाली तळे नसते

आपल्याला लहानपणापासून वाटते, की जमिनीखाली कुठेतरी पाण्याचे मोठे तळे आहे आणि पुरेसे खोल गेले की ते लागणारच. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात हे खरे नाही. राज्याचा सुमारे ८० टक्के भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो बनला. अखंड कातळात पाणी मावत नाही. ते मावते वरच्या मुरुमात, झिजलेल्या खडकात आणि खालच्या भेगांत. आपल्या आजोबांच्या विहिरी चाळीस-पन्नास फुटांच्या होत्या, कारण दर पावसाळ्यात भरणारे पाणी मुख्यतः तिथेच असते.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर वरचा थर हे बचत खाते. पावसाळ्यात पगार जमा होतो, वर्षभर खर्च चालतो. खोल भेगांतले पाणी ही मुदत ठेव. ती फार हळूहळू साठलेली असते. सातशे फुटांवर पाणी "लागते" तेव्हा नवे उत्पन्न सुरू होत नाही, ठेव मोडली जाते. शिवाय खोल बोअरमुळे वरच्या थरातले पाणीही भेगांवाटे खाली उतरते आणि शेजारची विहीर आटते. मग शेजारी बोअर घेतो. त्यामुळे आपला आटतो. पाणाड्याने तळहातावर नारळ उभा करून दाखवला, तरी हे गणित बदलत नाही.

थोडी आकडेमोड

एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपल्याला आठवत असेलच. मांजरा धरण कोरडे पडले होते. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. पहिली गाडी दहा वाघिणींची होती, ५ लाख लिटरची. पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली, म्हणजे एका खेपेला २५ लाख लिटर.

आता आपल्या शेतावर या. मराठवाड्याचा सरासरी पाऊस वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास धरला, तर एका एकरावर सुमारे २८ लाख लिटर पाणी पडते. एका पूर्ण रेल्वेगाडीपेक्षा जास्त! पण बरेचसे वाहून जाते, बरेचसे उडून जाते. कठीण खडकात ढोबळमानाने दहा टक्के मुरते असे धरले, तर जमिनीत जाते २.८ लाख लिटर.

उसाला मात्र साधारण २००० मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे एकरी ८० लाख लिटर. पावसाचा थेंब न् थेंब उसानेच घेतला असे मानले, तरी उरलेले ५२ लाख लिटर बोअरमधून येणार. ५२ भागिले २.८, म्हणजे एका एकर उसासाठी सुमारे १८ एकरांवर मुरलेले पाणी! ठिबक केले तर चांगली बचत होते, पण अण्णांचा ऊस तीन एकर आहे आणि गावात ते एकटे नाहीत.

हा हिशेब अण्णांना ऐकवला. ते शांतपणे म्हणाले, "सोयाबीनला भाव देतो का तू?" आम्ही गप्प. उसाला सरकारने ठरवलेला किमान दर आहे, माल कारखाना उचलतो. दुसऱ्या पिकाला ही शाश्वती क्वचितच मिळते. त्यात २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. अशा वेळी पंप बंद कोण करणार? शेतकऱ्याला दोष देणे इथे बसून फार सोपे आहे.

गावाने मिळून केले तर

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारमध्ये पाऊस मराठवाड्याहूनही कमी पडतो. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने १९९० च्या सुमारास गावाने चर खोदले, बंधारे बांधले, झाडे लावली. एवढे इतर गावांनीही केले आहे. हिवरे बाजारने पुढचे पाऊल टाकले. शेतीसाठी बोअरला बंदी, ऊस आणि केळीला बंदी, आणि दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद. आधी माणसांचे आणि जनावरांचे पाणी बाजूला काढायचे आणि उरेल त्यावर पिके ठरवायची. पोपटरावांना २०२० ची पद्मश्री मिळाली ती उगाच नव्हे. पाणी अडवणे हे अर्धेच काम. ते कसे खर्च करायचे हे ठरवणे, ते उरलेले अर्धे.

कायदाही आहे. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला "खोल विहीर" म्हटले असून तिच्यावर निर्बंध घातले आहेत. ६० मीटर म्हणजे सुमारे दोनशे फूट. आपण पैसे पाठवतो सातशेसाठी!

पुढचा फोन आला की

मंडळी, पैसे पाठवू नका असे आमचे म्हणणे नाही. पिण्याच्या पाण्याची अडचण असेल तर जरूर पाठवा. पण एरवी आधी तीन गोष्टी विचारा. जुन्या विहिरीचा गाळ शेवटचा कधी काढला? पावसाचे पाणी मुरवायची काय सोय आहे? आणि नव्या बोअरचे पाणी कोणत्या पिकाला जाणार?

चौथ्या बोअरचे पैसे आम्ही पाठवले, पण अण्णांशी बोलून कारण बदलले. जुन्या विहिरीचा गाळ निघाला. ओढ्याचे पाणी वाळू-खडीच्या खड्ड्यातून गाळून विहिरीत जाईल अशी सोय झाली. तीन एकर ऊस एकावर आला, तोही ठिबकवर. पहिल्या वर्षी अण्णांचे उत्पन्न घटले आणि ती तूट आम्ही भरून दिली. एका बोअरपेक्षा ती कमीच होती. गेल्या मे महिन्यात विहिरीच्या तळाला थोडे पाणी होते. एका वर्षावरून निष्कर्ष काढू नये हे आम्हाला कळते, आणि शेजारचे बोअर चालूच आहेत. पण त्या एप्रिलमध्ये फोन आला, तो फक्त नातवंडे सुट्टीत कधी येणार हे विचारायला!